वाया जाणारी फेरी आधी वाचवा: मालमत्ता एजंटांसाठी पर्यावरणपूरक कामाची पद्धत

घरे आणि जागा यांच्या खरेदी-विक्रीचे काम करणाऱ्या एजंटाला पर्यावरणाविषयी विचारले, तर तो बहुधा कागदाविषयी बोलू लागतो. आता आम्ही ब्रोशर कमी छापतो, मसुदे ईमेलने पाठवतो, ऑफिसात चार कुंड्याही ठेवल्या आहेत, असे तो सांगतो. यात गैर काहीच नाही. पण या व्यवसायाचा मोठा भार छपाईच्या यंत्रात नसून गाडीच्या टाकीत आहे, आणि ती टाकी प्रत्येक साइट व्हिजिटला थोडी थोडी रिकामी होत असल्यामुळे तो भार कोणाच्या नजरेत भरत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एक लीटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (लीटरभर पेट्रोलचे वजन किलोभरही नसताना वायू एवढा कसा, हा प्रश्न रास्त आहे, जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, म्हणून वजन वाढते.) लीटरला 12 किलोमीटर धावणारी गाडी घेऊन जाऊन-येऊन 24 किलोमीटरचा फेरा केला, तर 2 लीटर पेट्रोल लागते आणि सुमारे 4.6 किलो वायू बाहेर पडतो. ए-फोर आकाराच्या 80 जीएसएम (चौरस मीटरला 80 ग्रॅम) कागदाचे वजन 5 ग्रॅम आणि 500 कागदांच्या रीमचे वजन अडीच किलो असते. म्हणजे एका फेरीत हवेत सोडलेला वायू तराजूत घातला, तर तो जवळजवळ दोन रीम कागदांना तोलून धरील. कागद तयार करतानाही प्रदूषण होतेच, त्यामुळे ही तुलना केवळ वजनाची समजावी. पण दाराशी आलेला ग्राहक ‘अरे, लिफ्ट नाही का?’ असे म्हणून तिथूनच परततो, तेव्हा काय वाया गेले, याचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे. तो ग्राहक स्वतःच्या गाडीने आला असेल, तर त्याचेही पेट्रोल त्यात मिळवावे.

पुढील पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. जिथे वाचण्यासारखे जास्त आहे, तिथे आधी हात घालावा.

पहिली पायरी: एका आठवड्याची नोंद

काहीही बदलण्यापूर्वी एक आठवडा केवळ नोंद ठेवावी. साध्या वहीत पाच रकाने पुरतात: कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, कशासाठी गेलो, निष्पन्न काय झाले, आणि फेरी वाया गेली असल्यास का गेली. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा असतो आणि तोच भरायला माणूस कंटाळतो. ‘ग्राहकाला आवडले नाही’ असे मोघम लिहू नये. ‘पार्किंग खांबाआड असल्याने मोठी गाडी बसत नाही’, ‘दुसऱ्या बेडरूममध्ये डबल बेड मावत नाही’, ‘किल्ली शेजाऱ्यांकडे होती आणि शेजारी बाहेर होते’ अशी नेमकी कारणे लिहावीत.

मी पहिल्यांदा अशी वही ठेवली, तेव्हा इंधनाच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने ओशाळलो. वाया गेलेल्या फेऱ्यांपैकी बहुतेकींचे कारण मला निघण्यापूर्वीच ठाऊक होते. एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर होती. फोटो मीच काढला होता, आणि तो अशा कोनातून काढला होता की खिडकीतून आलेला उजेड दिसावा, भिंत दिसू नये. तो फोटो पाहून माणसे येत, ओट्याजवळ उभी राहून खिडकी उघडत, आणि पाच मिनिटांत निरोप घेत. त्या एका फोटोपायी किती पेट्रोल जळले असेल, याचा हिशेब मी नंतर केला नाही. भिंतीसकटचा फोटो टाकला, तेव्हा चौकशा कमी झाल्या आणि ज्या आल्या, त्या भिंत पाहूनच आलेल्या होत्या.

दुसरी पायरी: माहिती आधी, भेट नंतर

वाया जाणारी फेरी अपुऱ्या माहितीतून जन्माला येते. त्यामुळे या व्यवसायातले सर्वांत प्रभावी पर्यावरणपूरक साधन म्हणजे प्रामाणिक लिस्टिंग (जागेची माहिती देणारी जाहिरात), हे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे.

जागा हातात आली की पहिल्याच भेटीत सगळी माहिती गोळा करावी, म्हणजे ‘राहिलेले माप घ्यायला’ पुन्हा जावे लागणार नाही. लेझर मोजपट्टी असल्यास प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. दरवाजांची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजावी, कारण कपाट आत जाईल का, हा प्रश्न हमखास येतो. लिफ्टच्या आतले माप, पार्किंगची जागा आणि तिथपर्यंतचा उतार, पाण्याच्या वेळा, मोबाइलचे नेटवर्क कोणत्या खोलीत मिळत नाही, खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात, हेही त्याच भेटीत टिपून घ्यावे. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र) आणि बिल्टअप क्षेत्र (भिंतींची जाडीही धरून होणारे क्षेत्र) यांची सरमिसळ करू नये. या एका आकड्याच्या गोंधळामुळे जितके ग्राहक दारातून परततात, तितके क्वचितच दुसऱ्या कशामुळे परतत असतील.

त्यानंतर व्हिडिओ काढावा. संगीत, ड्रोन आणि झरझर बदलणारी दृश्ये असलेला व्हिडिओ जाहिरातीला ठीक असतो. फेरी वाचवणारा व्हिडिओ वेगळा आणि काहीसा कंटाळवाणा असतो. तो इमारतीच्या फाटकापासून सुरू करावा, जिना किंवा लिफ्टमधून कॅमेरा बंद न करता वर जावे, मुख्य दारातून आत शिरावे आणि घरात माणूस जसा फिरतो, त्याच क्रमाने फिरावे. प्रत्येक खोलीत चारही भिंती दाखवाव्यात, खिडकी उघडून बाहेरचे दृश्य आणि बाहेरचा आवाज दोन्ही येऊ द्यावेत, नळ सोडून पाण्याचा जोर दाखवावा. ओल आली असेल, फरशी तडकली असेल, तर तिथे कॅमेरा क्षणभर थांबवावा. वाइड अँगल लेन्समुळे दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते. तिचा मोह टाळावा, किंवा निदान मापे त्याच चित्रावर लिहावीत.

घरमालकाला हे पटवणे कठीण जाते. दोष दाखवले तर भाव पडेल, अशी भीती त्याला वाटते. त्याला एवढेच विचारावे की हा दोष ग्राहकाला शेवटपर्यंत कळणारच नाही, असे त्याला वाटते का. दोष कळणारच असेल, तर तो त्याच्या दिवाणखान्यात उभे राहून कळण्यापेक्षा ग्राहकाच्या घरी मोबाइलवर कळलेला बरा. दारातून परतणाऱ्या माणसांची रीघ लागली की तीही भाव पाडतेच.

ग्राहकाच्या बाजूनेही थोडी चाळणी लावावी. फोनवर दहा मिनिटे काढून अटी विचाराव्यात, आणि ‘काय हवे आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या एका गोष्टीमुळे तुम्ही घर नक्की नाकाराल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे ग्राहक मोकळे, हवेशीर, शांत असेच सांगतात; दुसऱ्या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर येते: वरचा मजला नको, रस्त्यालगत नको, आईला जिने चढवत नाहीत. मग सहा घरांऐवजी तीनच घरे दाखवावी लागतात. दूरच्या गावी राहणाऱ्या ग्राहकासाठी पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठेवावी आणि एजंटाने मोबाइल हातात घेऊन तो म्हणेल तिकडे फिरावे. घर विकत घेण्यापूर्वी ते प्रत्यक्ष पाहायलाच हवे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की किती घरे प्रत्यक्ष पाहायची.

किल्लीचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण माझ्या वहीतल्या वाया गेलेल्या फेऱ्यांत त्याचा वाटा बराच होता. किल्ल्यांची एक नोंदवही आणि प्रत्येक किल्लीला क्रमांक असावा. पत्ता मात्र किल्लीवर लिहू नये. घरमालकाची लेखी संमती असल्यास आणि जागा सुरक्षित असल्यास आकडी कुलपाची किल्लीपेटी लावावी, आणि व्यवहारागणिक तिचा आकडा बदलावा. भेटीच्या आधी तासभर ग्राहक, घरमालक आणि किल्ली या तिघांची खातरजमा एका फोनने करून घ्यावी.

तिसरी पायरी: उरलेल्या फेऱ्या शहाणपणाने करणे

ज्या फेऱ्या टळत नाहीत, त्या एकत्र गुंफाव्यात. आठवड्याचे दिवस भागांनुसार वाटून घेतले, तर ग्राहकांना त्याची सवय लागते. ‘त्या भागात मी मंगळवारी आणि शुक्रवारी असतो’ असे सांगितले की क्वचितच कोणी हरकत घेते. एकाच भागातली घरे एकामागून एक दाखवावीत आणि त्याच फेऱ्यात फलक लावणे, माप घेणे, कागद पोचवणे अशी किरकोळ कामे उरकावीत. याला यांत्रिक कारणही आहे: थंड इंजिन सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये इंधन जास्त पिते आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही पुरेसे तापेपर्यंत नीट काम करत नाही, त्यामुळे दिवसभरात तीन-तीन किलोमीटरच्या पाच सुट्या फेऱ्या एका पंधरा किलोमीटरच्या सलग फेऱ्यापेक्षा अधिक प्रदूषण करतात.

शक्य असेल तेव्हा ग्राहकाला एकाच गाडीतून न्यावे. दोन गाड्या एकामागे एक नेण्याची प्रथा निव्वळ संकोचातून चालू राहिलेली आहे, आणि खरे तर गाडीतल्या गप्पांमध्ये ग्राहकाच्या मनातले जेवढे कळते, तेवढे ऑफिसात बसून कळत नाही. नुसती किल्ली आणायला किंवा सही घ्यायला जायचे असेल, तर चारचाकी काढू नये. लीटरला 45 किलोमीटर धावणारी दुचाकी त्याच 24 किलोमीटरच्या फेऱ्याला सुमारे 1.2 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे गाडीच्या साधारण चौथा हिस्सा. अंतर दोन किलोमीटरच्या आत असेल, तर चालतच जावे. ज्या वस्तीतली घरे आपण विकतो, तिथले फुटपाथ, झाडे, रात्रीचे दिवे आणि भटकी कुत्री पायी फिरल्याशिवाय कळत नाहीत.

ग्राहकाची वाट पाहताना एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत बसून राहण्याची सवय अनेकांना असते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लीटर इंधन खाते. सावलीत गाडी लावावी किंवा वर जाऊन घराच्या खिडक्या उघडाव्यात. तसेही ग्राहक येण्याआधी घर हवेशीर करायला कोणीतरी जायचेच असते. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तपासावी. विजेवरची गाडी घ्यावी का, हा मोठ्या खर्चाचा निर्णय आहे आणि तो नोंदवहीतल्या किलोमीटरवरून घ्यावा. रोजचे अंतर ठरावीक आणि शहरातल्या शहरात असेल, तर एजंटाचे काम अशा गाडीला चांगले मानवते. पण वाया जाणारी फेरी विजेवर केली, तरी ती वायाच जाते.

चौथी पायरी: कागद

कागदाचा मोठा वापर ब्रोशरमध्ये नसून मसुद्यांमध्ये होतो. तीस पानांचा करारनामा एका बाजूने छापून चौघांना वाटला की 120 कागद, म्हणजे 600 ग्रॅम कागद संपतो. आणि त्यानंतर कोणाच्या तरी नावातली वेलांटी चुकलेली निघते. म्हणून मसुदा पडद्यावरच अंतिम करण्याची शिस्त लावावी. सर्वांना एकच सामायिक फाइल द्यावी, बदल त्यातच सुचवायला सांगावे, आणि नावे, पत्ते, क्षेत्रफळ, रकमा व तारखा एवढ्या पाच गोष्टी दोन्ही पक्षांनी लेखी मान्य केल्याखेरीज छपाईची आज्ञा देऊ नये. पडद्यावर वाचणे ज्यांना जमत नाही, अशा वयस्क पक्षकारांसाठी मोठ्या अक्षरांत एक प्रत जरूर काढावी. कागद वाचवण्यासाठी माणसाला न वाचता सही करायला लावणे हा कोणत्याही हिशेबात बसणारा सौदा नाही.

कायदा जिथे डिजिटल सही मान्य करतो, तिथे ती वापरावी. जिथे कागदी प्रतच लागते, तिथे लागतील तेवढ्याच प्रती काढाव्यात आणि चालत असल्यास दोन्ही बाजूंनी छापाव्यात. प्रिंटरची मूळ सेटिंग दुहेरी छपाईची करून ठेवली की रोज आठवण ठेवावी लागत नाही. बाद झालेले मसुदे पाठकोऱ्या कागदांच्या ढिगात टाकण्यापूर्वी मात्र सावध राहावे: त्यांवर लोकांचे ओळखक्रमांक आणि बँकेचे तपशील असतात, त्यामुळे असे कागद आधी फाडयंत्रातून काढावेत आणि मगच रद्दीत द्यावेत.

व्हिजिटिंग कार्डे आणि ब्रोशर याविषयी थोडक्यात सांगायचे, तर कमी छापावे आणि लॅमिनेशन टाळावे, कारण प्लास्टिकचा थर चढलेला कागद पुन्हा कागद करणे अवघड जाते.

पाचवी पायरी: फलक, फ्लेक्स आणि झाडे

फ्लेक्स स्वस्त असतो आणि दोन तासांत छापून मिळतो, म्हणून तो सर्वत्र दिसतो. मुळात ते पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेले पीव्हीसी असते. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना असे चिकटलेले असल्यामुळे त्याचा पुनर्वापर करणे कठीण असते, आणि उघड्यावर जाळला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. जुना फ्लेक्स शेकोटीत टाकू नये, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. आधीच साठलेले फ्लेक्स गाडी झाकायला, सामान बांधायला किंवा गळक्या छपरावर टाकायला देता येतात. पण ‘नंतर उपयोगी पडेल’ ही नवा फ्लेक्स छापण्याची सबब होऊ नये.

यावर व्यवहारी उपाय म्हणजे कायमचा फलक. धातूच्या किंवा लाकडी चौकटीत रंगवलेला पत्रा घ्यावा, त्यावर फक्त एजन्सीचे नाव आणि फोन क्रमांक असावा, आणि खाली सरकवून बदलता येतील अशा पट्ट्यांसाठी खाच ठेवावी: विकणे आहे, भाड्याने देणे आहे, दोन बेडरूम, तीन बेडरूम. खोल्या आणि भाव बदलले तरी फलक तोच राहतो. असे दहा-बारा फलक वर्षानुवर्षे फिरवता येतात. फलकावर वर्ष, योजना किंवा सणाची शुभेच्छा लिहू नये. त्या एका ओळीमुळे चांगला फलक महिन्यात जुना होतो.

फलकावर क्यूआर कोड टाकताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कोडमध्ये एखाद्या घराची थेट लिंक टाकू नये. आपल्याच वेबसाइटवर ‘फलक क्रमांक 7’ असे एक कायमचे पान करावे, कोड त्या पानाचा छापावा आणि घर बदलले की त्या पानावरचा मजकूर बदलावा. कोड पुन्हा छापावा लागत नाही. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवा ठरावीक मुदतीनंतर आपली लिंक बंद करतात आणि मग सगळे फलक एकदम मुके होतात, म्हणून पान स्वतःच्या ताब्यात असावे. दुसरी गोष्ट आकाराची: जितक्या अंतरावरून कोड वाचला जावा असे वाटते, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी त्याची बाजू ठेवावी, असा ठोकताळा आहे. दोन मीटर अंतरावरच्या फुटपाथवरून वाचायचा असेल, तर कोड 20 सेंटीमीटरचा लागतो. कोपऱ्यातला काडेपेटीएवढा कोड कोणीही वाचत नाही, आणि मग माहितीसाठी फोन, आणि फोननंतर पुन्हा तीच फेरी.

झाडावर फलक ठोकू नये. झाडाच्या सालीखाली अगदी जवळ अन्न वाहून नेणाऱ्या पेशी आणि खोडाची जाडी वाढवणारा कॅम्बियमचा पातळ जिवंत थर असतो; खिळा त्यातून आरपार जातो आणि त्या छिद्रातून बुरशी व किडीला वाट मिळते. तारेने आवळलेला फलकही बरा नव्हे, कारण खोड जाड होत जाते आणि तार तशीच राहते. व्यवहार झाला की फलक त्याच आठवड्यात उतरवावा आणि त्याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर टाकावी.

सहावी पायरी: रिकामे घर दाखवताना

रिकामे घर एजंटाच्या ताब्यात अनेक महिने राहते आणि त्या काळात ते वीज आणि पाणी वापरतच असते. आत पाऊल टाकल्यावर सर्व दिवे लावण्याची पद्धत आहे. तिच्याऐवजी आधी पडदे सरकवावेत आणि जिथे खरोखर अंधार आहे, तिथेच दिवा लावावा. तसे पाहता दिव्यांचा भार फार मोठा नसतो. 9 वॅटचे दहा एलईडी दिवे तासभर जळले, तरी एका युनिटचा अकरावा हिस्साही खर्च होत नाही. दीड टनाचा एसी मात्र पूर्ण भाराने चालताना तासाला साधारण दीड युनिट घेतो. तेव्हा ग्राहक येण्याआधी दोन तास घर थंड करून ठेवायचे आणि जाताना काटेकोरपणे दिवे विझवायचे, यात हिशेब उलटा होतो. भेट सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर ठेवली, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, तर एसीची गरज बऱ्याचदा लागत नाही, आणि घर खरोखर हवेशीर आहे की नाही, हेही ग्राहकाला कळते.

घराचा ताबा किल्लीसह आला की पहिल्याच दिवशी वॉटर हीटर, वायफाय आणि टीव्ही यांची बटणे भिंतीवरून बंद करावीत. फ्रीज रिकामा करून पुसून बंद करावा आणि त्याचे दार थोडे उघडे ठेवावे, नाहीतर आत बुरशी धरते. नळ गळत असेल, तर त्याखाली एक मिनिट भांडे धरावे: मिनिटाला 20 मिलिलीटर जमले, तर दिवसाला जवळजवळ 29 लीटर पाणी वाहून जाते. हा आकडा घरमालकाला कळवला की दुरुस्तीची परवानगी लगेच मिळते. संडासाच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास थांबावे, भांड्यातले पाणी रंगले तर झडप गळते आहे.

बंद घरात येणारा वास हा एजंटांचा नेहमीचा शत्रू, आणि त्यावर सुगंधी फवारा मारणे हा नेहमीचा इलाज. बहुतेक वेळा हा वास नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालचा वाकडा भाग, सुकल्यामुळे येतो. या वाकड्या भागात साठलेले पाणी एरवी गटारातला वायू अडवून धरते. घर बंद राहिले की ते वाफ होऊन उडून जाते आणि वाट मोकळी होते. दर पंधरवड्याला प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले, की फवाऱ्याचा डबा विकत घ्यावाच लागत नाही. स्नानघरात, बाल्कनीत आणि वॉशिंग मशीनच्या जागी अशा सगळ्या जाळ्या मोजून त्यांची संख्या नोंदवहीत लिहून ठेवावी, कारण नेमकी एखादी विसरली जाते.

घर सजवून दाखवायचे असल्यास तेच फर्निचर घरोघर फिरवावे किंवा भाड्याने आणावे. आणि ‘फरशी बदला, ओटा बदला, मग लगेच जाईल’ हा आपला आवडता सल्ला देण्यापूर्वी थोडे थांबावे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे, आणि धडधाकट फरशी उखडून नवी बसवली तर नवा ग्राहक स्वतःच्या आवडीसाठी तीही उखडतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. फरशीच्या सांधी घासून पुन्हा भराव्यात, कपाटांच्या मुठी बदलाव्यात, भिंतीला कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायने कमी असलेला) रंग द्यावा. एवढ्याने घर पुष्कळ उजळते.

सातवी पायरी: घराचा चालू खर्च सांगणे

येथपर्यंत एजंटाच्या स्वतःच्या भाराचा विचार झाला. त्याचा सल्ला याहून लांब पोचतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगातल्या अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे 30 टक्के ऊर्जा इमारतींच्या वापरात जाते. त्यातला एक कण म्हणजे आपण उद्या दाखवणार असलेला फ्लॅट, आणि त्यात पुढची वीस वर्षे किती वीज जळेल, हे बऱ्याच अंशी तो निवडतानाच ठरते.

म्हणून घरमालकाकडून मागील बारा महिन्यांची विजेची बिले, शक्य असल्यास पाण्याचीही, मागून घ्यावीत आणि त्याच्या परवानगीने ग्राहकाला दाखवावीत. एका महिन्याचे बिल फसवे असते. किती माणसे राहत होती, हेही सोबत सांगावे. घर दाखवताना पश्चिमेच्या खिडक्यांकडे लक्ष वेधावे, कारण दुपारनंतरचे ऊन तिरपे आत शिरते आणि वरच्या छज्जाने ते अडत नाही. तिथे बाहेरून पडदा, जाळी किंवा झाड लागते. वरच्या मजल्यावर गच्ची तापते का, तिला उष्णतारोधक थर दिला आहे का, छपरावर सौरपॅनेलसाठी सावली नसलेली जागा आहे का आणि ती कोणाच्या मालकीची आहे, इमारतीत पावसाचे पाणी साठवले किंवा मुरवले जाते का, विजेवरच्या गाडीसाठी पार्किंगपर्यंत तार ओढता येईल का, हे प्रश्न ग्राहकाने विचारण्यापूर्वी एजंटाला उत्तरासह ठाऊक असावेत. बसथांबा आणि रेल्वे स्थानक ‘पाच मिनिटांवर’ असे लिहिण्यापूर्वी ते अंतर स्वतः चालून घड्याळ पाहावे.

‘ग्रीन होम’ हा शब्द जाहिरातीत वापरण्याबाबत मी कडक आहे. दाराशी दोन झाडे आणि जिन्यात एलईडी असल्याने इमारत हरित ठरत नाही. त्यासाठी मान्य पद्धती आहेत: ब्रिटनमध्ये 1990 मध्ये सुरू झालेली ब्रीअम, अमेरिकेतून आलेली लीड, आणि जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची एज, ज्यात नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचे साहित्य तयार करताना पडणारा ऊर्जेचा किंवा कार्बनचा भार या तिन्हींत किमान 20 टक्के बचत दाखवावी लागते. प्रमाणपत्र पाहताना ते केवळ आराखड्यावर मिळालेले प्राथमिक प्रमाणपत्र आहे की इमारत पूर्ण झाल्यावरचे अंतिम, हे आवर्जून वाचावे; अनेक माहितीपत्रकांत पहिले छापून दुसऱ्याचा आव आणलेला असतो. कोणत्या पद्धतीचे, कोणत्या श्रेणीचे आणि कोणत्या वर्षी मिळालेले, या तीन गोष्टी लिहिता येत नसतील, तर तो शब्द लिस्टिंगमधून काढून टाकावा.

आठवी पायरी: ताबा देताना

ताबा देण्याच्या आधीच्या आठवड्यात सर्वाधिक कचरा निर्माण होतो आणि तो घाईत निर्माण होतो. घर सोडणाऱ्याला पंधरा दिवस आधी विचारावे, काय मागे राहणार आहे? गाद्या, पडद्यांच्या दांड्या, कपाटे, वॉटर फिल्टर यांपैकी येणाऱ्याला काय हवे आहे, ते फोटोसह विचारून घ्यावे आणि उरलेल्या वस्तू वापरणाऱ्या हातांत जातील, अशी व्यवस्था करावी. जुने सीएफएल दिवे साध्या कचऱ्यात टाकू नयेत, त्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो. बॅटऱ्या, चार्जर आणि बिघडलेली उपकरणे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावीत.

उरलेल्या रंगाच्या डब्यांवरचा शेड क्रमांक, फरशीच्या उरलेल्या पेट्या कुठे ठेवल्या आहेत याची नोंद, उपकरणांच्या पुस्तिका आणि नळ-वीज दुरुस्ती करणाऱ्यांचे क्रमांक (त्यांना विचारून) एका फाइलमध्ये नव्या मालकाला द्यावेत. शेड क्रमांक हातात असला, की एका ओरखड्यासाठी अख्खी खोली पुन्हा रंगवावी लागत नाही.

ऑफिसविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ग्राहकांना प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी जगमधून पाणी द्यावे, टोनरची काडतुसे परत घेणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावीत, आणि संध्याकाळी कुलूप लावणाऱ्याने मुख्य बटणे बंद करावीत.

तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतली वही पुन्हा आठवडाभर भरावी. या वेळी एकच आकडा काढावा: पूर्ण झालेल्या एका व्यवहारामागे किती किलोमीटर झाले. व्यवहार आठवड्यात पूर्ण होत नसल्याने हा आकडा तीन महिन्यांच्या एकूण किलोमीटरवरून काढला, तर अधिक विश्वासार्ह ठरतो. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडीच्या मीटरचा आकडा त्याच वहीत लिहून ठेवला, तरी पुरते.